साडेसहाचा रिलीव्हर

तुझं ऑफिस सुटतं कधी, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. भरतं कधी ते सांगता येतं. सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, की भरलं. पण सुटतं कधी? लॅपटॉप मिटला की सुटलं म्हणावं, तर फोन चालूच. फोन पालथा घातला तरी तो टेबलावर थरथरत राहतो आणि त्याच टेबलावर मी मेथी निवडत असते. त्या वेळी मी ऑफिसात असते की घरात, हे मला खरंच कळत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, कुठेही अस, पण चिडू नकोस.

मी चाकणच्या एका कारखान्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. माझ्याकडे डिस्पॅच. म्हणजे तयार माल कुठल्या ट्रकने, कुठल्या मोठ्या कंपनीला, किती वाजता पोचला पाहिजे ते ठरवायचं, आणि तो पोचेपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचं. या मोठ्या कंपन्या माल साठवून ठेवत नाहीत. आपला ट्रक रस्त्यात अडकला की तिकडे त्यांची गाड्या जोडायची लाइन थांबायची वेळ येते, आणि मग जे फोन सुरू होतात ते शत्रूलाही येऊ नयेत. तरी मला हे काम आवडतं. खोटं कशाला बोलू? पॅकिंगमध्ये डबे मोजण्यापासून सुरुवात केली होती मी, आणि डिस्पॅचचं टेबल मिळालं तेव्हा माझ्या वडिलांनी गावाकडे सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

आधी मी कंपनीच्या बसने जायचे. संध्याकाळी बस नाशिक फाट्याला सोडायची. मी खाली उतरायचे आणि ऑफिस तसंच बसमध्ये बसून पुढे निघून जायचं. तिथून कासारवाडीच्या आमच्या घरापर्यंत चालत येताना भाजी घ्यायची, एखादी मैत्रीण भेटली तर पाच मिनिटं गप्पा, आणि दारात चप्पल काढली की मी घरची. मग लॉकडाऊन आलं आणि सगळेच घरी बसलो. पुढे बाकीच्यांना परत बोलावलं, पण आमच्या टेबलांच्या जागी तोवर पॅकिंगची खोकी रचली गेली होती. साहेब म्हणाले, घरून चाललंय ना व्यवस्थित, मग चालू दे. जो तो म्हणाला नशीब काढलंस बाई, चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटलीस. मलाही तसंच वाटलं होतं.

हळूहळू माझ्या डोक्यात सगळ्याचा काला झाला. एकदा किराणावाल्याला पाठवायची यादी मी ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. तूरडाळ, गूळ, भांड्याचा साबण. एका ड्रायव्हरने लगेच विचारलं, मॅडम, हे कुठल्या गेटला उतरवायचं? सगळा ग्रुप दोन दिवस हसत होता. मीही हसले, पण आतून घाबरले होते. कारण त्याच आठवड्यात कुकर लावून मी फोनवर बोलत बसले आणि आत पाणीच घातलेलं नव्हतं. झोपेत मला ट्रकचे नंबर ऐकू यायचे. सुट्टीच्या दिवशी मुलीचा फोन आला, ती बाहेरगावी हॉस्टेलला असते, तर मी उचलल्या उचलल्या विचारलं, कुठपर्यंत पोचलात? ती म्हणाली, आई, मी आहे गं.

तेव्हा मी ठरवलं, दिवाळीनंतर नोकरी सोडायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला तुझी इच्छा. ही माझी इच्छा नव्हतीच, पण दुसरं काही सुचत नव्हतं. नोकरी ठेवली तर मी वेडी होणार आणि सोडली तर इतक्या वर्षांचं सगळं मातीत जाणार. रोज सकाळी ठरवायचे साहेबांना सांगू, आणि रोज कुठलातरी ट्रक अडकलेला असायचा.

घरात आम्ही तिघं. नवरा तळेगावकडच्या कंपनीत मेंटेनन्सला, आठवड्याला शिफ्ट बदलते. तो घरी आला, बूट काढले, की संपलं. मग कंपनीला आग लागली तरी तो हलणार नाही. याचा मला इतका हेवा वाटायचा की कधीकधी त्याचे बूट उचलून बाहेर फेकावेत असं मनात यायचं. तिसरे आप्पा, म्हणजे माझे सासरे. चाकणजवळच्या खेड्यातले. शेती होती, पण भावांत वाटण्या झाल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. आप्पा अजूनही कारखान्याच्या वेळेला जेवतात आणि कारखान्याच्या वेळेलाच चहा मागतात. बाकी वेळ बाल्कनीत खुर्ची टाकून लोकलची ये-जा बघत बसतात. मला वाटायचं ते लोकल बघतायत. ते मला बघत होते.

एका संध्याकाळी मी एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हाताने फोडणी देऊन, परत टेबलाशी येऊन काहीतरी टाइप करत होते. फोन ठेवला तेव्हा आप्पा समोर उभे. त्यांनी विचारलं, "तुझा रिलीव्हर कोन हाय?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. त्यांच्या प्रेसशॉपमध्ये शिफ्ट संपली म्हणून कुणी मशीन सोडून जायचा नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन मागे उभा राहायचा. त्याला चार्ज द्यायचा. मशीनवर काय चालू आहे, काय अडलंय, कशावर लक्ष ठेवायचं, एवढं तोंडाने सांगायचं. त्याने मान डोलावली की आपण सुटलो. मग मशीन बिघडो नाहीतर मोडो, ते त्याचं. आणि रिलीव्हर आलाच नाही तर? तर उभं राहायचं, म्हणाले. एकदा त्यांचा रिलीव्हर आला नाही म्हणून ते दुसरी शिफ्टही तिथेच उभे राहिले होते, आणि ती गोष्ट ते अजून अभिमानाने सांगतात. माझ्याकडे बघून म्हणाले की तुझा रिलीव्हर आलेलाच नाही कधी, म्हणून तू अशी झालीयस.

मी वैतागले होते. मी म्हटलं, मग तुम्हीच या की उद्यापासून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला बघते तर आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे. हातपाय धुतलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला हसू आवरेना. ते मात्र अजिबात हसले नाहीत. चार्ज दे, म्हणाले.

आता काय सांगायचं यांना? चेष्टा म्हणूनच मी सुरुवात केली. शेवटची गाडी गेटमधून आत गेली. एका मालाला खोकी कमी पडतायत, ती सकाळी येणार. उद्याच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर बदललाय, त्याचा नंबर अजून मिळाला नाही. आणि मग पुढे सांगायला काहीच नव्हतं. दिवसभर डोक्यात नुसती माणसांची गर्दी आणि गोंगाट, आणि तोंडाने बोलायला गेले तर एवढंसंच! मला ते खरंच वाटेना. काहीतरी विसरतेय असं वाटून मी परत लॅपटॉप चाळला. आप्पांनी सगळं एकदा म्हणून दाखवलं आणि मला ऊठ म्हणाले. मी उठले. ते खुर्चीत बसले, फोन समोर ठेवला, आणि मी तिथेच उभी राहिले. हातांचं काय करावं कळेना. मग सवयीने स्वयंपाकाला लागले.

फोन आला की आप्पा उचलायचे. मॅडम सुटल्या, सेकंड शिफ्टला कोण आहे त्याला विचारा, एवढंच सांगायचे. मी आत कणीक मळताना कान टवकारून ऐकायचे. गंमत म्हणजे सेकंड शिफ्टला खरोखरच एक माणूस होता. पहिल्यापासून होता. त्याला विचारलं की तो उत्तर द्यायचा. मला फोन यायचे ते मी उचलत होते म्हणून. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? तसं झालं नाही. मला रागच आला. कुणावर तेही कळेना. मग इतके दिवस मी मरत कशाला होते? आणि माझ्यावाचून सगळं नीट चालत असेल, तर मी आहे कशाला?

पण रोज साडेसहाला चार्ज देणं चालू राहिलं. मला त्याची सवय लागली. दुपारपासूनच मनात यायचं, आज आप्पांना काय सांगायचं. आप्पाही रंगात आले होते. सोसायटीत कुणी गप्पा मारायला थांबवलं तर म्हणायचे, साडेसहाला ड्यूटी आहे. रात्री जेवताना माझ्याकडे कालच्या खोक्यांची चौकशी करायचे, आणि मीच त्यांना गप्प करायचे.

मग घोळ झाला. एका संध्याकाळी एका ड्रायव्हरचा फोन आला. तळेगाव रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती, माल तातडीचा होता, आणि तो सकाळपासून उपाशी होता. आप्पांनी सेकंड शिफ्टच्या माणसाचं नाव घ्यायच्याऐवजी त्याला सांगितलं, गाडी कडेला घे आणि आधी जेव. त्याला काय, मॅडमच्या घरून हुकूम आला. तो धाब्यावर निवांत बसला. तिकडे लाइन थांबायची वेळ आली. थांबली नाही, कशीबशी वाचली, पण साहेबांचा फोन आला तो माझ्या दुसऱ्या, घरच्या नंबरवर. ते थंड आवाजात म्हणाले की तुमच्या घरून गाड्यांना सूचना कोण देतं ते मला समजेल का?

माझं डोकं फिरलं. मी बाहेर आले आणि आप्पांना वाटेल ते बोलले. हा खेळ नाही म्हटलं. तुमची प्रेस नाही ही, तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले की पोरगा उपाशी होता. फोन टेबलावर ठेवला आणि बाल्कनीत गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते आले नाहीत. बाल्कनीतून त्यांची पाठ दिसत होती. मी लॅपटॉप मिटला. काम संपलेलं होतं. फोनही शांत होता. तरी मला उठता येईना. सात वाजले, स्वयंपाक पडलेला, आणि मी मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसून आहे. आपण करतोय काय हे माझं मलाच कळत नव्हतं. मी एक चांगली शिकलेली बाई, माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, आणि रिलीव्हर आला नाही म्हणून अडकून बसलेली. शेवटी बाल्कनीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, आप्पा, चला, उशीर झालाय.

ते वळले नाहीत. डबल ड्यूटी पडली व्हय तुला, असं म्हणाले आणि हळूहळू उठले. मग आमचं ठरलं की निरोप फक्त घ्यायचा, हुकूम कुणाला द्यायचा नाही. त्यांनी कबूल केलं. उपाशी माणसाला जेव म्हणणं हा हुकूम होतो का, एवढं मात्र विचारून घेतलं.

दिवाळी जवळ आली. नोकरी सोडायचं अजून डोक्यात होतंच, कारण चार्ज देऊनही माझा थकवा काही कमी होत नव्हता. साडेसहाला सुटून रात्री मी पहिल्यासारखीच मोडून पडायचे. हे कसं, ते कळत नव्हतं. मला वाटलं बाई, आपणच आता या कामाच्या राहिलो नाही. येत्या सोमवारी साहेबांना सांगून टाकायचं, असं पक्कं केलं.

त्या आठवड्यात नवऱ्याला सेकंड शिफ्ट होती. मी आप्पांना चार्ज दिला, उठले आणि नेहमीसारखी आत वळले. आप्पांनी मागून विचारलं, कुठं चाललीस? मी म्हटलं, स्वयंपाकाला.

"आत्ता तर सुटलीस न्हवं?"

मी हसले. ती वेगळी ड्यूटी आप्पा, ही वेगळी, असं काहीतरी बोलले. ते हसले नाहीत. त्यांनी अगदी सरळ, पहिल्यांदा विचारलं होतं तसंच विचारलं की तिथं तुझा रिलीव्हर कोण. मी दिवसभराची दमलेली होते. तोंडातून निघून गेलं, "तिथं कोण येणार? तुम्ही येताय का?"

मला वाटलं आप्पा परत रुसले. पण ते उठले, फोन खिशात घातला, आणि म्हणाले की खाली जा. स्टेशनवर जाऊन बस. आठला ये. मी म्हटलं स्टेशनवर काय करू? ते म्हणाले, काही करू नको. बोलताना ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले होते, मला आत जाता येऊ नये असे.

घरातल्याच चपलेवर मी खाली गेले. कासारवाडीच्या फलाटावर एका बाकावर बसले. लोणावळ्याकडे जाणारी लोकल आली. माणसं उतरली, पाठीला सॅक, हातात रिकामे डबे, आणि घराच्या दिशेने निघून गेली. ती सगळी कुठूनतरी सुटून आली होती. मीही सुटले होते, पण मी तर घरूनच आले होते. मग आता मी जायचं कुठे? हात सारखा फोन शोधत होता. एका बाईने तळेगावची गाडी गेली का विचारलं, तर मी म्हटलं, एक मिनिट, चेक करून सांगते. ती माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. ती गेल्यावर मला रडू आलं. का आलं ते सांगता यायचं नाही. नुसतं बसले होते, कुणी काही बोललं नव्हतं, काही दुखत नव्हतं. आणि बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली ती पुन्हा निघेना. सोमवारी मी सोडणार होते ती नोकरी रोज साडेसहाला सुटत होती. जी सुटतच नव्हती ती तर मला सोडता येणारच नव्हती.

आठला वर आले. दारातच करपलेला वास. आप्पा ओट्याशी उभे होते, खांद्यावर टॉवेल, शर्टाच्या बाह्या वर. मी पुढे झाले तसा त्यांनी हात आडवा केला. आधी चार्ज घे, म्हणाले. मग कारखान्यात द्यावा तसाच दिला. भात खाली लागलाय. दूध उतू गेलं, पुसलंय, पण शेगडीच्या आत गेलंय ते निघालं नाही. भाकरी जमेना, पीठ झाकून ठेवलंय. वांग्याची भाजी झाली, मिठाचं ध्यानात नाही, पडलंय का ते बघ. मी मान डोलावली. आता मी आत जावं आणि त्यांनी बाहेर यावं, असं होतं. पण ते ओट्यापासून हललेच नाहीत. तिथेच, त्या उतू गेलेल्या दुधाकडे बघत उभे राहिले.

"आमी शिफ्टा बदलल्या," ते म्हणाले. "फस्ट, सेकंड, थर्ड. तिन्ही शिफ्टला हितं ती येकटीच व्हती. ती जाईस्तवर म्या कदी चार्ज मागितला न्हाई."

सासूबाईंचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे, स्वयंपाकघरात नाही, हे मला त्या क्षणी का आठवलं कुणास ठाऊक. मी ताटं घेतली. भाजीत मीठ नव्हतं. आम्ही दोघांनी वरून घेतलं आणि तो करपट भात मुकाट्याने खाल्ला.

सोमवारी मी साहेबांना काही सांगितलं नाही. का नाही ते अजूनही नीट सांगता येत नाही. नवऱ्याची शिफ्ट बदलून फस्ट झाली. तो संध्याकाळी पलंगावर आडवा होऊन मोबाइल बघत होता. साडेसहाला आप्पांनी आधी त्याला उठवलं. म्हणाले, तिची शिफ्ट सुटतीय, आतला चार्ज घे. त्याला वाटलं चेष्टा आहे. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की चेष्टा नाही. मी दिला चार्ज. डाळ भिजत घातलीय, गॅस संपत आलाय, आप्पांच्या गोळ्या जेवणाआधीच्या. त्याने सगळं ऐकून घेतलं, परात हातात घेतली, आणि मग थांबून विचारलं,

"आणि ही शिफ्ट सुटते कधी?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग ते बाहेरच्या खोलीत गेले, सासूबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला, आणि स्वयंपाकघरात खिळा कुठे मारायचा ते विचारायला आत आले.